कोंबड्यांच्या जाळीची थट्टा पुरे

महाराष्ट्र सरकारने 5 नोव्हेंबर 2025 रोजी स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा जिल्ह्यांतली दुर्गम गावं आणि सरकारी संस्था उपग्रहाने जोडायच्या, असा त्याचा आशय. जिथे तार पोचत नाही आणि टॉवर उभा राहत नाही, तिथे आकाशातून जोडणी मिळत असेल तर कोण कशाला तक्रार करेल? पण या बातमीच्या पाठोपाठ एक युक्तिवाद चर्चासत्रांतून आणि अभियांत्रिकी कॉलेजांच्या बैठकांतून फिरू लागला आहे. तो मात्र मुकाट्याने ऐकून घेण्यासारखा नाही. उपग्रहासाठी जमिनीवरच्या स्वस्त अँटेना घडवण्याचा उद्योग म्हणे कालबाह्य झाला. चपटी डिश खोक्यातून येते, छपरावर ठेवली की आपला उपग्रह आपणच शोधते. मग पोरांनी गच्चीवर अॅल्युमिनियमच्या काड्या आणि जाळ्या बांधत वर्षं कशाला घालवायची? तो सगळा जुगाड होता, गरिबीतली सोय होती, आता ती गरज संपली.

हे म्हणणाऱ्यांनी अँटेनाची किंमत कुठे ठरते हेच कधी पाहिलेलं दिसत नाही. ती जाळीच्या किलोमागच्या भावावर ठरत नाही आणि वेल्डरच्या मजुरीवरही ठरत नाही. उपग्रहाचा आराखडा ज्या टेबलावर मांडला जातो, तिथे ती ठरते. वारंवारता कोणती, आकाशात अँटेना केवढी, ट्रान्समीटर किती वॅटचा, जमिनीवर संच किती, हे सगळं एकत्र मांडून ती निघते. आपण हा हिशेब मांडला नाही म्हणून तो मांडायचा राहत नाही. दुसरा कोणीतरी मांडतो, आणि अर्थातच त्याच्या सोयीने मांडतो.

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ, आर्वीला 1971 मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तिथली डिश जवळपास 30 मीटर व्यासाची. हौस म्हणून कोणी एवढी डिश बांधत नाही. त्या काळचे इंटेलसॅटचे उपग्रह अशक्त होते, आणि त्या जाळ्यात पूर्ण क्षमतेने सामील व्हायचं तर जमिनीवर एवढी मोठी डिश हवीच, असा त्या व्यवस्थेचा दंडक होता. आकाशात काटकसर केली होती, तिची भरपाई जमिनीवर करावी लागत होती. देशासाठी अशी एक-दोन केंद्रं बांधता येतात, दर खेड्यात एक बांधता येत नाही. पुढे या केंद्राला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. पण आर्वीचं काम चालू होतं त्याच सुमारास साराभाई नेमका उलटा हिशेब मांडत होते, हे फारसं कोणी सांगत नाही.

1969 मध्ये भारताने नासाशी करार केला. 30 मे 1974 रोजी सुटलेल्या एटीएस-6 या उपग्रहावर नऊ मीटरची, छत्रीसारखी उघडणारी अँटेना होती. तो उपग्रह 35 अंश पूर्व रेखांशावर, आफ्रिकेच्या डोक्यावर आणून उभा केला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात सहा राज्यांतल्या 2,400 गावांनी त्याच्यावरून थेट दूरदर्शन पाहिलं. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस या 'साइट' प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. गावातला संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवला. आणि गावातली अँटेना? तीन मीटर व्यासाची, चिकन जाळीची. खुराड्याला लावतात तीच.

थट्टा सुरू होते ती इथे. तेव्हा जरा थांबून गणितच करू.

उपग्रहाकडून येणारी शक्ती जमिनीवरच्या संचात किती पोचेल, हे वरच्या आणि खालच्या अशा दोन अँटेनांवर अवलंबून असतं. वारंवारता आणि ट्रान्समीटर तोच ठेवला, तर दोन्ही व्यासांचा गुणाकार कायम राहायला हवा. वरचा व्यास एक तृतीयांश केला की खालचा तिप्पट झालाच. एटीएस-6 वर नऊऐवजी तीन मीटरची अँटेना असती, तर प्रत्येक गावात तीनऐवजी नऊ मीटरची डिश उभारावी लागली असती. क्षेत्रफळ नऊपट, काँक्रीटचा पाया, क्रेन, आणि हे सगळं 2,400 ठिकाणी, बैलगाडीच्या रस्त्याने. प्रयोग कागदावरच मेला असता. महाग छत्री एकदाच आकाशात उघडायची आणि तिचा खर्च 2,400 गावांत वाटून टाकायचा, हा तो सौदा होता.

आता जाळी. लहरी होत्या 860 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे तरंगलांबी सुमारे 35 सेंटिमीटर. जाळीचं भोक तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान असेल तर लहर त्यातून निसटत नाही, अखंड पत्र्यावरून परतावी तशी परतते. म्हणजे साडेतीन सेंटिमीटरपर्यंतचं भोक चालतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या चिकन जाळीचं भोक अर्ध्या-पाऊण इंचाचं असतं, ते आरामात बसतं. पृष्ठभाग वेडावाकडा झाला तर? चूक तरंगलांबीच्या सोळाव्या भागाच्या आत असली की बहुतेक काम भागतं. 35 सेंटिमीटरचा सोळावा भाग दोन सेंटिमीटरांहून थोडा अधिक. पोरांनी चेंडू मारून पोचा पाडला तरी पडद्यावर दिसणार नाही. अशा डिशचा झोत साधारण आठ अंश रुंद. वाऱ्याने खांब दोन अंश कलला तरी हाती येणाऱ्या शक्तीत घट होते ती पंधरा टक्क्यांच्या आसपास. शिवाय वारा जाळीतून आरपार जातो, म्हणून खांब बारीक चालतो, पाया लहान चालतो, आणि गावातल्या चार माणसांना ती उचलून उभी करता येते.

हीच जाळी घेऊन 12 गिगाहर्ट्झचा उपग्रह पकडायला जा. तरंगलांबी अडीच सेंटिमीटर. भोक अडीच मिलिमीटरच्या आत हवं, पृष्ठभागातली चूक दीड मिलिमीटरच्या आत, आणि तीन मीटरच्या डिशचा झोत अर्ध्या अंशाहून जेमतेम रुंद. तिथे चिकन जाळी भंगारात घालायच्याच लायकीची. तेव्हा 1975 मध्ये जाळी कशीबशी 'चालून गेली' असं म्हणणं अडाणीपणाचं आहे. जाळी चालेल अशीच सगळी साखळी वरपासून खालपर्यंत बांधलेली होती. याला जुगाड म्हणायचं असेल तर पुलाच्या आराखड्यालाही म्हणा.

आणि इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सुनावायचं आहे. पत्र्याचा डबा, सायकलची आरी आणि तांब्याची तार लावली की उपग्रह आपल्या खिशात, असं हौसेने सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यामुळे थट्टा करणाऱ्यांचं आयतंच फावतं. स्वस्त अँटेना हा साहित्यातला चमत्कार असतो ही समजूत दोघांचीही. एकाला त्या चमत्काराची लाज वाटते, दुसऱ्याला अभिमान. आकडा दोघांपैकी कोणीच मांडत नाही.

पुन्हा जुन्नर तालुक्यातच येतो. आर्वीहून फार लांब नाही असं खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 1990 च्या दशकात तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. एवढ्या मोठ्या डिश भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठीच पोलादाचा डोंगर लागला असता. स्वरूप यांच्या चमूने ताणलेल्या दोऱ्यांच्या चौकटीवर 0.55 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी विणली. मधल्या भागात भोक दहा मिलिमीटरचं, कडेला वीसचं. सगळीकडे दहाचं का नाही? कारण कडेला तेवढ्या बारीक जाळीची गरज नाही, आणि बारीक जाळी वारा जास्त अडवते. जिथे जेवढं लागतं तिथे तेवढंच. दुर्बीण 1420 मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे 21 सेंटिमीटरपर्यंत पाहायची, त्याच्यापुढे नाही, हे आधी ठरलं. मग जाळी ठरली.

ही दुर्बीण आहे, संपर्काची अँटेना नव्हे, असा आक्षेप येईल. मग 19 ऑक्टोबर 2016 ची गोष्ट ऐका. त्या दिवशी युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा 401 मेगाहर्ट्झचा संदेश मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता. पृथ्वीवर तो थेट ऐकू येईल अशा ताकदीचा तो नव्हताच. तो सतरा कोटी किलोमीटरांहून अधिक अंतरावरून खोडदच्या जाळ्यांनी टिपला, आणि यान शेवटी आदळलं त्याच्या थोडं आधीपर्यंत टिपत राहिल्या. जाळी म्हणजे गरिबी असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नारायणगावला उतरून तिथे जाऊन यावं.

आता चपट्या डिशकडे. ती कमालीची वस्तू आहे यात वाद नाही. पाचेकशे किलोमीटर उंचीवरचे उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातात. त्यांच्या मागे झोत फिरवायचा, एक सुटला की दुसरा पकडायचा, आणि हे डिश जागची न हलवता. त्यासाठी तिच्या पृष्ठभागाखाली हजाराहून अधिक छोट्या अँटेना असतात आणि प्रत्येकीचा ठेका इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळलेला असतो. हे गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये होणार नाही, आणि होईल असं मी म्हणत नाही. दुर्गम आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला नागपूरच्या तज्ज्ञाशी समोरासमोर बोलायचं असेल तर हेच हवं.

पण तिला 'स्वस्त' म्हणण्याआधी वही उघडा. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत हा संच 499 डॉलरला मिळू लागला. पुढच्याच वर्षी कंपनीच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनी जाहीरपणे सांगितलं की सुरुवातीला एक संच बनवायला सुमारे 3,000 डॉलर लागत होते आणि तो खर्च आता 1,500 च्या खाली आणला आहे. म्हणजे गिऱ्हाईक देत होतं त्याच्या कितीतरी पट कंपनी घालत होती. दानधर्म म्हणून नव्हे, मासिक शुल्कातून वसूल होणार म्हणून. धंद्याची ही रीत आहे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते आपण पहिल्या दिवसाची किंमत पाहून 'स्वस्त' म्हणणं. शिवाय अशी डिश साधारण 75 ते 100 वॅट वीज खाते. चोवीस तास चालू ठेवली तर दिवसाला दोन युनिटच्या घरात. पुण्या-मुंबईत हा आकडा कोणाच्या खिजगणतीतही नसतो. धडगाव-भामरागडकडे शाळेच्या छपरावर चार सौर पट्ट्या आणि दोन बॅटऱ्या असतील, तर तिथल्या मास्तरांना तो सर्वांत आधी विचारावा लागतो.

उलट आपल्या डोळ्यांसमोर रोज असलेली स्वस्त अँटेना कोणी मोजतच नाही. कोणत्याही वस्तीत जा, पत्र्यांवर त्या छत्र्या दिसतील. साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या. डीडी फ्री डिशची सेवा 2004 पासून आहे, मासिक शुल्क शून्य. आज ती 93.5 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-15 वरून येते. पुण्यातून पाहिलं तर हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश उंचावर. छत्री मात्र तेवढी आभाळाकडे वळलेली वाटत नाही, बरीच ताठ उभी दिसते. कारण ती पूर्ण वाटी नाही, मोठ्या वाटीचा कडेचा तुकडा आहे. त्यामुळे पुढे धरलेला एलएनबी, म्हणजे लहरी गोळा करणारी डबी, झोताच्या आड येत नाही, आणि पावसाचं पाणी व पालापाचोळा साचत नाही. कोकणात तर दुसरं कारणच जास्त मोलाचं. तिथे छत्री बिघडते म्हणजे बहुतेकदा छत्री बिघडत नाहीच. एलएनबीच्या खाली केबलच्या टोकाला जो स्क्रूचा कनेक्टर असतो त्यात पाणी शिरतं, आतली तांब्याची तार हिरवी पडते आणि चित्राचे चौकोन व्हायला लागतात. जाणता फिटर केबलला खाली एक वळसा सोडून मग वर नेतो, म्हणजे पाणी त्या वळशावरून ठिबकून जातं. कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळतो. या दहा रुपयांच्या कामावर अख्खी जोडणी उभी असते, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

एलएनबी वीज घेतो दोन-तीन वॅट, सेट-टॉप बॉक्स धरून दहा-पंधरा. याच दिशेच्या छत्रीवर स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्याही येतात, त्या 2017 पासून चालू आहेत. एकतर्फी आहे, मान्य. मुलाला प्रश्न विचारता येत नाही. पण धडे, हवामान, सूचना, पुस्तकं असं जे सगळ्यांना सारखंच पाठवायचं असतं, ते हजार शाळांना हजार वेळा वेगवेगळं पाठवण्याचं कारण काय? जे एकदाच आकाशातून शिंपडता येतं ते छत्रीवर घ्या. जे ज्याचं त्याचं असतं तेवढंच महागड्या दुतर्फी जोडणीवर घ्या. इतकी साधी विभागणीसुद्धा आपल्या चर्चेत कुठे नाही. चपटी डिश आली की छत्री काढा, एवढंच ऐकू येतं.

याच चर्चेतला ताजा मुद्दा असा की आता अँटेनाच नाहीशी होणार, साधा मोबाइल थेट उपग्रहाशी बोलणार. खरं आहे, बोलणार. पण अँटेना नाहीशी झालेली नाही, ती वर गेली आहे. 24 डिसेंबर 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एलव्हीएम-3 ने ब्लूबर्ड नावाचा अमेरिकी उपग्रह सोडला. मोबाइलशी थेट बोलण्यासाठी त्याच्यावर दोनशे चौरस मीटरांहून मोठी अँटेना उलगडते. एटीएस-6 च्या वेळचाच गुणाकार हा. खालची अँटेना बोटभर झाली म्हणून वरची अंगणाएवढी. ज्या हिशेबाला हे लोक कालबाह्य म्हणतात, त्याच हिशेबावर त्यांचा ताज्यातला ताजा दाखला उभा आहे.

त्यांचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. पाठवणारी अँटेना स्वस्तात केली तर ती शेजारच्या उपग्रहावर कचरा टाकते. भूस्थिर कक्षेत उपग्रह दोन-दोन अंशांवर उभे असतात. मुख्य झोताच्या कडेने जी गळती होते तिच्यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे. वाकडी डिश स्वतःचं नुकसान करते तोवर ठीक, दुसऱ्याचं करायला लागली की तो गुन्हा. ऐकण्यासाठीची अँटेना आणि बोलण्यासाठीची अँटेना यांच्यात हा फरक आहे, आणि हौशी मंडळी तो विसरतात. पण यातून निघणारा निष्कर्ष 'करू नका' असा कसा? तो 'मोजून करा' असा आहे. आणि मोजमाप श्रीमंतांचीच मक्तेदारी असते असंही नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास, महाराष्ट्रातून पाहताना सूर्य भूस्थिर उपग्रहांच्या नेमका मागून जातो. केबलवाल्यांना ते दिवस पाठ असतात, कारण तेव्हा दुपारी काही मिनिटं चित्र जातं. त्याच मिनिटांत डिशमध्ये येणारा गोंगाट किती वाढला हे पाहिलं की डिश आणि तिचा रिसीव्हर मिळून किती चांगलं ऐकतात, हे काढता येतं. सूर्याचं भाडं भरावं लागत नाही. पाठवणाऱ्या अँटेनाची कडेची गळती मोजायला मात्र चाचणीची जागा लागते. छोट्या कारखानदाराला परवडेल अशी ती सरकारने उभारून द्यावी, हे मागणं रास्त आहे.

कॉलेजच्या गच्चीवरच्या काड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण हसण्याचा मोठा वाटा त्यांच्याच नशिबी येतो. वर्षानुवर्षं आमच्याकडची मुलं 137 मेगाहर्ट्झवर अमेरिकेच्या नोआ उपग्रहांची ढगांची चित्रं उतरवत. अँटेना काय? अॅल्युमिनियमच्या दोन काड्या, प्रत्येकी सुमारे 53 सेंटिमीटर, वायरमनच्या कनेक्टर पट्टीत बसवलेल्या, एकमेकींशी 120 अंशांचा कोन करून जमिनीला समांतर धरलेल्या. हसा. पण प्रत्येक आकड्याला कारण आहे. लांबी चतुर्थांश तरंगापेक्षा किंचित कमी. कोन 180 ऐवजी 120, म्हणजे अँटेनाचा रोध 50 ओहमच्या केबलशी बराच जुळतो. आडवी ठेवली की आसपासच्या उभ्या अँटेनांतून येणारा गोंगाट बराच गळतो. आणि उपग्रहाची लहर गोल फिरती असते, काड्या सरळ रेषेतल्या, म्हणून आलेल्या शक्तीतली अर्धी वाया जाते. ती जाणूनबुजून वाया घालवलेली असते, कारण उरलेली अर्धी पुरते. काय सोडून देता येईल हे कळणं, हीच तर या विद्येची परीक्षा. विकतची डिश छपरावर ठेवून ती देता येत नाही.

ते नोआ उपग्रह 2025 मध्ये एकेक करून बंद झाले, आणि 'बघा, तुमच्या काड्या मेल्या' अशी शेरेबाजी लगेच झाली. रशियाचे मिटिऑर उपग्रह त्याच पट्ट्यात चित्रं पाठवतात. काड्या त्याच, फक्त उतरवण्याचं सॉफ्टवेअर बदललं. मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' 26 सप्टेंबर 2016 रोजी अवकाशात गेला, तेव्हा त्यामागची कल्पना अशाच कमी खर्चाच्या अँटेनांवर उभी होती. एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन यागी अँटेनांनी उपग्रहाच्या लहरीची दिशा किती वळली ते मोजायचं आणि त्यावरून वरच्या वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद करायची. अशी केंद्रं वेगवेगळ्या कॉलेजांनी उभारावीत म्हणून त्या मुलांनी कार्यशाळा घेतल्या. तिथे अँटेना हेच मोजण्याचं उपकरण होतं.

माझ्या बाजूवरचा सर्वांत जड आक्षेप विरोधकांनी घेतलेलाच नाही, तो मीच मांडतो. साइटच्या त्या 2,400 जाळ्यांचं पुढे काय झालं? 31 जुलै 1976 नंतर एटीएस-6 परत अमेरिकेच्या बाजूला गेला. तो उसना होता. आपला इन्सॅट-1बी आला 1983 मध्ये, आणि त्याचं थेट प्रक्षेपण अडीच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात होतं. गावातल्या 860 मेगाहर्ट्झच्या संचांना ऐकायला आकाशात काही उरलं नाही. अँटेना उत्तम होती, हिशेब चोख होता, उपग्रह मात्र परक्याचा होता.

इरादापत्रावर सही करणाऱ्यांनी साइटमधून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. स्टारलिंकची डिश स्टारलिंकखेरीज कोणाशी बोलत नाही. कंपनीने दर वाढवला, सेवा थांबवली किंवा सरकारशी तिचं बिनसलं, तर छपरावर उरेल ती एक चपटी पाटी. फ्री डिशची छत्री दोन नट सैल करून दुसऱ्या उपग्रहाकडे वळवता येते. स्वस्त कोणती, हे ठरवताना हा फरक कुठल्या रकान्यात लिहिणार?

स्वतःचा उपग्रह आणि स्वतःचा हिशेब एकत्र आले की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये मासेमारी बोटींसाठीच्या संपर्क यंत्रणेचं लोकार्पण झालं. सुमारे 360 कोटी रुपयांची योजना, 13 किनारी राज्यं व केंद्रशासित प्रदेश, एक लाख बोटी, संच नाखवाला फुकट. मोबाइलची रेंज संपते त्याच्या पुढे, खोल समुद्रातून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश. बोटीवर फिरती डिश ठेवायची म्हटलं तर डोलणाऱ्या डेकवर ती उपग्रहाकडे रोखून धरण्यातच लाखाचे बारा हजार झाले असते. इथे पेटीएवढा संच पुरतो, कारण 2015 साली सोडलेल्या जीसॅट-6 वर सहा मीटरची उलगडणारी अँटेना आहे. पट्टा अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणून मुसळधार पावसातही संदेश जातो. 12 गिगाहर्ट्झला कोकणातला पाऊस ही मोठी अडचण असते. साइटचीच ही वंशावळ आहे, फक्त या वेळी छत्री आपली आहे.

तेव्हा सरकारकडे माझी मागणी अशी. इरादापत्राचा करार होण्याआधी प्रत्येक संचाची अनुदानाशिवायची खरी किंमत, त्याची दिवसाची वीज आणि पाच वर्षांचं मासिक शुल्क हे आकडे मराठीत, जिल्हावार छापा. त्यांच्या शेजारी शुल्काविना चालणाऱ्या छत्रीचे तेच आकडे छापा. सेवा बंद पडली तर ती डिश कोणाच्या कामाची, हेही त्याच तक्त्यात लिहा. आणि गडचिरोली-नंदुरबारच्या आयटीआयमध्ये अँटेना बसवणं, मोजणं आणि दुरुस्त करणं शिकवायला एक-एक जागा मंजूर करा. हा तक्ता पाहून चपटी डिशच सगळीकडे परवडते असं निघालं, तर मी माझा आक्षेप मागे घ्यायला तयार आहे.